नाद आणि अलंकार

पनवेल शहर मागें टाकून पुण्याच्या जुन्या रस्त्यानें निघालें म्हणजे थोड्याच अवकाशांत पळस्पे फाटा लागतो. तेथून एक वाट घाट चढून देशावर जाते आणि दुसरी कर्नाळ्याच्या पायथ्यावरून कोंकणांत व पुढें गोव्याकडे उतरते. मालमोटारींचे भोंगे, चहाच्या दुकानांतील कपबशांचा खणखणाट आणि गाडी गांठण्यासाठीं धांवणाऱ्या उतारूंची हाकाटी यांना येथें रात्र किंवा दिवस असा भेद नाहीं. या फाट्यावरून मी पंचवीसएक वर्षें जात-येत आहें. परंतु याच पळस्प्यांत एका उस्तादानें ध्रुपदाचें गुरुकुल उभारलें, आणि आपल्या वाद्यांपैकीं अत्यंत सावकाश व अत्यंत खालच्या स्वरांत बोलणारें जें वाद्य त्या रुद्रवीणेचें शिक्षण तेथें दिलें जाऊं लागलें, ही गोष्ट माझ्या कानांवर फार उशिरा आली. आमच्या शहरांतील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांची स्थिति याहून निराळी असेल असें मला वाटत नाहीं.

उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांचा जन्म १९२९ सालीं उदयपुरास झाला आणि १९९० सालीं ते निवर्तले. त्यांचे वडील झियाउद्दीनखां हे उदयपूर दरबारचे कलावंत. धाकटे बंधु झिया फरीदुद्दीन (१९३२–२०१३) हे गायक. भोपाळच्या ध्रुपद केंद्रांत त्यांनीं अनेक वर्षें शिष्य तयार केले. थोरल्या डागरांच्या पश्चात् त्यांचे चिरंजीव बहाउद्दीन यांनीं वीणेची व गुरुकुलाची परंपरा पुढें चालविली आहे. चरित्राची इतकी रूपरेषा येथें पुरे. मला विचार करावयाचा आहे तो एका निराळ्या प्रश्नाचा. तारेच्या वाद्यावर स्वराचा नाद आणि स्वराचे अलंकार यांचें परस्परांशीं नातें काय, आणि गुरूजवळ बसून शिकतांना त्यांतलें आधीं कोणतें व मागाहून कोणतें? हा प्रश्न प्रथम माझ्यापुढें आला तो वीणेच्या रूपानें आला नाहीं. तो आमच्या घरांत गिटारबरोबर आला.

माझी मुलगी अकरा वर्षांची असतांना तिला गिटार शिकण्याची हौस उत्पन्न झाली. चित्रपटांतील गाण्यांना साथ करणारी गिटार तिला नको होती. मांडीवर तिरपी धरून बोटांनीं एकेक तार छेडावयाची, अशी युरोपांतील अभिजात पद्धतीची गिटार तिला हवी होती. पनवेलींत एक वृद्ध गोमंतकीय शिक्षक ती शिकवीत असत. त्यांनीं पहिले दोन महिने मोकळ्या तारा छेडण्यापलीकडे मुलीकडून कांहीं करून घेतलें नाहीं. तार छेडावी, ती विझेपर्यंत ऐकावी, मग पुन्हा छेडावी. तारेला आधीं बोटाचें मांस लागावें कीं नख, छेडल्यावर बोट शेजारच्या तारेवर विसांवावें कीं मोकळें वर यावें, एवढ्यावरच त्यांचें बोलणें चाले. परीक्षा देण्यांत आणि घेण्यांत ज्याचें आयुष्य गेलें अशा मला हें असह्य झालें. शेजारच्या मुलानें तेवढ्याच अवधींत दोन छोट्या रचना बसवून पाहुण्यांना वाजवून दाखविल्या होत्या! मीं मुलीला तेथून काढलें आणि प्रमाणपत्र मिळवून देणाऱ्या एका वर्गांत घातलें. तीन वर्षांत तिनें तीन परीक्षा दिल्या. छापील कागदावर कंपाचीं, कणस्वरांचीं, निसटत्या स्वरांचीं जीं जीं चिन्हें होतीं तीं सर्व तिच्या बोटांतून बिनचूक निघूं लागलीं. गुणपत्रिका पाहून मी संतुष्ट होतों. वाजविणें मात्र ऐकवत नसे. पत्र्यावर पाऊस पडावा तसा तो आवाज होता. दोष तिचा नव्हता. तो माझा होता. पण तो नेमका कोणता हें मला पुढें कळलें.

एके संध्याकाळीं आम्ही एका स्नेह्यांच्या घरीं गेलों असतां झिया मोहिउद्दीन डागरांच्या यमनाच्या आलापाचें ध्वनिमुद्रण लावलें होतें. मुलगी कोपऱ्यांत बसली होती. थोड्या वेळानें ती माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "बाबा, त्यांनीं तार एकदांच छेडली. मग एवढं सगळं कुठून येतंय?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. प्रस्तुत लेख म्हणजे तें उशिरा दिलेलें उत्तर होय.

सारंगी, व्हायोलिन किंवा मनुष्याचा कंठ यांच्या ठिकाणीं स्वराचें सतत पोषण होत असतें. गज फिरतो तोंवर, श्वास पुरतो तोंवर स्वर जिवंत राहतो. छेडून वाजविण्याच्या वाद्याचें तसें नाहीं. तेथें बोट तारेला जें देतें तें एकदांच देतें, आणि त्याच क्षणापासून स्वर क्षीण होऊं लागतो. आघात आणि निःशब्दता यांच्यामध्यें स्वराचें जें आयुष्य उरतें त्याला आपले वादक 'आस' म्हणतात. मींड घ्यावयाची ती या आसेंत, कंप द्यावयाचा तो या आसेंत, आणि गमक करावयाची तीहि पुष्कळदां याच आसेंत. गिटारवर डाव्या हाताच्या बोटानें तारेवर ठोका देऊन किंवा तार खेंचून सोडून जो दुसरा स्वर काढतात, तोहि बहुतांशीं पहिल्या आघाताच्या शिलकीवरच निर्वाह करतो. ज्याची छेड दुबळी आहे त्याच्या अलंकाराला वावरावयास जागाच उरत नाहीं. ज्याची छेड कर्कश आहे त्याचा अलंकारहि तोच कर्कशपणा पुढें चालवितो. तेव्हां आधीं नाद आणि मग अलंकार हा क्रम कोणा गुरूच्या लहरीनें ठरलेला नसून तारेच्या स्वभावानें ठरलेला आहे. माझ्या मुलीच्या बोटांत अलंकार सर्व होते, आणि ज्यावर ते उभे राहावयाचे तेंच नव्हतें.

युरोपांतील गिटारवादकांना हें मर्म फार पूर्वींच उमगलें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत फर्नांदो सोर आणि दियोनिसियो आग्वादो हे दोन स्पॅनिश वादक पॅरिसमध्यें नांवाजलेले होते. आग्वादो नखानें वाजवी. सोर नखाशिवाय वाजवी. १८३० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या शिक्षणग्रंथांत सोरानें नखाच्या आवाजाविषयीं नापसंती स्पष्टपणें नमूद केली, आणि आग्वादोच्या इतर गुणांसाठीं त्याच्यापुरती ती सौम्य केली. दोघांचा स्नेह असा कीं उभयतांनीं मिळून वाजविण्यासाठीं सोरानें एक रचना केली आणि तिला 'दोन मित्र' असें नांव दिलें. पुढें फ्रांसिस्को तारेगा (१८५२–१९०९) यानें उतारवयांत नखें काढून टाकलीं. त्याचा शिष्य एमिलिओ पुजोल यानें बिननखी नादाचा कैवार अखेरपर्यंत सोडला नाहीं. उलट आन्द्रेस सेगोविया (१८९३–१९८७) यानें मांस आणि नख या दोहोंच्या मेळांतून असा नाद काढला कीं मोठमोठीं सभागृहें गिटार ऐकण्यासाठीं भरूं लागलीं. इतक्या थोर वादकांचा इतकीं वर्षें चाललेला हा वाद बोटाच्या टोंकावरील गव्हाच्या दाण्याएवढ्या जागेविषयीं आहे. आमच्या वृद्ध शिक्षकांचे दोन महिने याच जागेवर खर्च झाले होते, हें सोराची हकीकत वाचल्यावर माझ्या ध्यानांत आलें आणि मला मनांतल्या मनांत लाज वाटली.

तथापि गिटारला एक मर्यादा आहे. तिचे पडदे बुटके आणि पक्के बसविलेले असतात. तार बाजूला ओढून स्वर किंचित् चढवितां येतो, त्याला थरथर देतां येते. परंतु एका स्वरावरून निघून तीन स्वर पलीकडे अखंड जाणारी मींड तिच्या अंगांत बसत नाहीं. ब्रिजभूषण काबरा यांनीं गिटारवर राग वाजवून दाखविले. १९६७ सालीं शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनीं केलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका आपल्याकडे घरोघर ऐकली गेली आहे. पण त्यांनाहि पडद्यांचा नाद सोडून, गिटार आडवी ठेवून, तारेवर धातूची कांडी फिरवावी लागली. मींडीसाठीं गिटारला आपली मूळ प्रकृतीच बदलावी लागते असा याचा अर्थ आहे. रुद्रवीणेची प्रकृति मुळांतच मींडीची आहे, आणि म्हणून आपल्या प्रश्नाचें पुरें उत्तर तिच्याच जवळ मिळण्याचा संभव अधिक.

पोकळ दांडी, दांडीखालीं दोन मोठे भोपळे, वर उंच पडदे आणि चार मुख्य तारा असें हें वाद्य आहे. पडदे उंच असल्यामुळें एकाच पडद्यावर तार बाजूला ओढीत कित्येक स्वरांचा प्रवास करतां येतो. झिया मोहिउद्दीन डागरांनीं या वाद्यांत जे फेरफार केले ते तपासून पाहिले म्हणजे त्या सर्वांचा रोंख एकाच दिशेला दिसतो. कलकत्त्याच्या कनाईलाल यांच्या कारखान्याच्या साह्यानें त्यांनीं भोपळे मोठे करून घेतले, दांडी जाड केली आणि तारा अधिक जाड घेतल्या. वाद्याचें वजन वाढलें, तेव्हां वरचा भोपळा डाव्या खांद्यावर घेण्याची जुनी बैठक सोडून तो त्यांनीं मांडीवर टेकविला. बीनकार बोटांत तारेची नखी घालून वाजवीत असत. ती टाकून डागर उघड्या बोटांनीं तार छेडूं लागले. या प्रत्येक फेरफाराची किंमत त्यांना द्यावी लागली आहे. छेडीचा लखलखीतपणा गेला. द्रुत लयींत खेळणें अवघड झालें. दूर बसलेल्या श्रोत्याला एकेक आघात सुटा ऐकूं येण्याची सोय राहिली नाहीं. मोबदल्यांत मिळालें तें एकच: आस वाढली आणि गोल झाली. एका गोष्टीसाठीं बाकीच्या सर्व गोष्टी सोडावयास तयार होणें हें कलावंताच्या निष्ठेचें लक्षण आहे. तिच्यांत त्याची मर्यादाहि दडलेली असते. त्या मर्यादेकडे आपण पुढें वळूंच.

त्यांच्या यमनाच्या आलापांत एक जागा वेगवेगळ्या रूपांनीं पुन्हा पुन्हा येते. मंद्र सप्तकांतील निषाद छेडला जातो. छेड इतकी मऊ असते कीं स्वर नेमका कोणत्या क्षणीं सुरू झाला तें सांगतां येऊं नये. निषाद कांहीं काळ स्थिर राहतो. मग तार ओढली जाऊं लागते आणि स्वर षड्जाकडे सरकतो. सामान्य वादकाला येथें पोहोंचण्याची घाई असते. डागर षड्जाच्या उंबरठ्याशीं इतके रेंगाळतात कीं ऐकणाराच मनांतल्या मनांत षड्ज म्हणून टाकतो. अखेरीस तो लागतो तेव्हां तारेंतील शक्ति जवळजवळ संपलेली असते. म्हणजे रागाचा जो पाया, जो सर्वांत स्थिर स्वर, तोच सर्वांत क्षीण आवाजांत आपल्यापर्यंत येतो. आघाताचें सारें वजन अस्थिर स्वरावर पडतें आणि विश्रांति अगदीं नाजूक आवाजांत मिळते. गवयाला हें मुद्दाम योजून करावें लागेल, कारण त्याचा श्वास त्याच्या ताब्यांत असतो. वीणेंत तें तारेच्या क्षीण होत जाण्यांतूनच निर्माण होतें, आणि डागरांचें मोठेपण असें कीं तारेच्या या उणीवेला त्यांनीं रागविस्ताराची रीतिच करून टाकली. मुलीनें विचारलें होतें, "एवढं सगळं कुठून येतंय?" तें त्या एका छेडींतूनच येत होतें, आणि ती छेड तेवढें पुरवूं शकत होती.

डागर घराण्यांत आलापाचीं दहा लक्षणें सांगतात. आकार, डगर, धुरन, मुरन, कंपित, आंदोलित, लहक, गमक, हुदक आणि स्फूर्ति हीं तीं होत. ही यादी वाचतांना माझें लक्ष प्रथम गमकेकडे गेलें, कारण आपल्या मनांत अलंकार म्हटला कीं हालचाल उभी राहते. यादीचा आरंभ मात्र आकारानें होतो, म्हणजे स्वर मोकळा, स्वच्छ आणि पुरा लावण्यानें. ज्याला आपण अलंकारांत धरीतहि नाहीं त्याला तेथें पहिलें आसन दिलेलें आहे. पुढचीं कांहीं नांवें महाराष्ट्राला परकीं नाहींत. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या पदरीं जमाखर्चाचा अधिकार पाहणाऱ्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकरां'त गमकेचे पंधरा प्रकार दिले आहेत. त्यांत कंपित आहे, आंदोलित आहे, स्फुरितहि आहे. श्रोत्याच्या चित्ताला सुखविणारा स्वराचा कंप ती गमक, अशा आशयाची व्याख्या त्यानें केली. तींत कंपाला आश्रय स्वराचा आहे, आणि साक्ष श्रोत्याच्या चित्ताची आहे. देवगिरीच्या त्या हिशेबनिसाचे शब्द सातशें वर्षांहून अधिक काळानें पळस्प्यासारख्या खेड्यांत रोजच्या शिकवणुकींत वापरांत असावेत, याचें मला मोठें नवल वाटतें.

साहित्याच्या अभ्यासकाला येथें आनंदवर्धनाची आठवण होणें अपरिहार्य आहे. रसांत मग्न असलेल्या कवीला ज्यासाठीं निराळा यत्न करावा लागत नाहीं तोच खरा अलंकार, असें त्यानें नवव्या शतकांत प्रतिपादिलें. वर्गांत हा सिद्धांत मीं कितीदां शिकविला असेल त्याची गणती नाहीं. विद्यार्थी तो उतरून घेतात आणि परीक्षेंत लिहितात. पुढें त्यांच्या निबंधांत उपमा मात्र वरून चिकटविलेल्या सांपडतात. सिद्धांत शब्दांनीं सांगतां येतो. तो अंगीं बाणावयाचा तर कांहीं निराळी व्यवस्था लागते, आणि गुरुशिष्यपरंपरेचें समर्थन करावयाचें झाल्यास तें याच मुद्द्यावर करावें असें माझें मत आहे. एरवीं त्या परंपरेभोंवतीं जो भाबडा धूप जाळला जातो त्याचें मला कौतुक नाहीं.

ती व्यवस्था कोणती? या घराण्याच्या शिस्तींत पहांटे उठून खर्ज भरण्याला मोठें स्थान आहे. तानपुऱ्याशीं बसून मंद्र सप्तकांतील एकेक स्वर श्वास संपेपर्यंत लावावयाचा, आणि उजाडेपर्यंत तेंच करावयाचें. वीणा शिकणारानेंहि आधीं गावें लागतें. गुरु गाऊन दाखवितो, शिष्य कंठांतून म्हणतो आणि मग तें बोटांत उतरतें. झिया मोहिउद्दीन डागरांच्या शिष्यांची नामावळी पाहिली म्हणजे याचा पुरावा मिळतो. पुष्पराज कोष्टी यांनीं सूरबहार हातीं घेतला. ऋत्विक् सान्याल गायक झाले. पुण्यास राहून शिष्य घडविणारे उदय भवाळकर यांना दोघांहि डागर बंधूंचा लाभ झाला, आणि तेहि गायकच. मणि कौल हे चित्रपटदिग्दर्शकहि त्यांच्यापाशीं शिकले आणि १९८२ सालीं त्यांनीं 'ध्रुपद' नांवाचा चित्रपट काढला. वीणा वाजविणाऱ्या गुरूचे शिष्य गायक व्हावेत, यावरून तो गुरु वाद्य शिकवीत नसून स्वर लावणें शिकवीत होता हें उघड होतें.

आतां कोणी विचारील कीं हें सर्व लिहून ठेवून शिकवितां येणार नाहीं काय? पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे उपकार मान्य केल्याशिवाय या प्रश्नाला हात घालणें कृतघ्नपणाचें होईल. त्यांच्या क्रमिक पुस्तकांनीं बंद पेट्यांतील चिजा मध्यमवर्गाच्या घरांत आणून सोडल्या. त्यांच्या स्वरलिपींत मींडीसाठीं स्वरांवर कमान आहे, कणस्वरासाठीं स्वराच्या डोक्यावर बारीक अक्षर आहे, आणि स्वराला कंस घातला कीं पुढचामागचा स्वर घेऊन त्यावर परत यावें अशी खूण आहे. याहून अधिक कागदाकडून मागणें अन्यायाचें होईल. कमान ही मींड कोठून निघाली व कोठें पोहोंचली तें सांगते. वाटेंत आवाजाचें वजन कोठें होतें आणि वेग कोठें मंदावला, तें ती सांगत नाहीं. हा उणेपणा भातखंड्यांना ठाऊक होता. पुस्तक पुढें ठेवूनहि त्यांच्या परंपरेंतील शिक्षक गाऊनच शिकवीत. पुस्तकालाच गुरु समजण्याची चूक आपल्यासारख्या पुस्तकें वाचून शहाण्या झालेल्या लोकांनीं केली, आणि माझ्या घरांत ती मींच केली.

महाराष्ट्राच्या अभिरुचीविषयींहि येथें दोन शब्द बोलले पाहिजेत. नाट्यसंगीतानें आपल्या कानांना तानेची गोडी लावली. तान पडली कीं टाळी पडते, आणि टाळी पडली कीं पुढच्या वेळीं तान लांबते. तयारी हा शब्द आपण गुणवत्तेच्या अर्थानें वापरूं लागलों. परंतु आपल्या भूमींत दुसराहि एक प्रवाह आहे. नामांकित बीनकार बंदेअलीखां यांनीं आपले अखेरचे दिवस पुण्यांत काढले, आणि किराणा घराण्याच्या स्वरप्रधान गायकीवर त्यांच्या बिनेचा संस्कार झाला असें जाणकार मानतात. त्या घराण्याचे अध्वर्यु अब्दुल करीमखां (१८७२–१९३७) स्वतः बीन वाजवीत; १९१३ सालीं त्यांनीं पुण्यास आर्य संगीत विद्यालय काढलें आणि पुढें मिरज हें त्यांचें घर झालें. एका स्वरावर थांबून श्रोत्याला जागच्या जागीं खिळविण्याची त्यांची हातोटी आजहि ध्वनिमुद्रिकांत ऐकावयास मिळते. अल्लादियाखांचें घराणेंहि मूळचें ध्रुपदियांचें. म्हणजे पळस्प्याची वीणा आपल्याकडे पाहुणी आलेली नाहीं. आपण विसरलेलें कांहीं ती आठवून देत आहे.

इतकें बोलल्यावर मर्यादांचा विचार टाळतां येणार नाहीं. पहिली मर्यादा स्वरूपाची आहे. ध्रुपद म्हणजे केवळ आलाप नव्हे. त्यांत पद आहे, चौताल आहे, पखवाजाशीं चालणारा संवाद आहे. झिया मोहिउद्दीन डागरांच्या वादनांत आलापाला इतकें महत्त्व आलें कीं पखवाजासह वाजविलेला भाग पुष्कळदां मागें पडतो किंवा येतच नाहीं. मंद्रांतील आलाप ऐकून भारावलेला श्रोता पुढें जोड-झाल्यांत तितका रमत नाहीं, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. जड तारा आणि उघडें बोट यांची किंमत ती हीच. आसेसाठीं लयीचें अंग त्यांनीं कृश होऊं दिलें हें मान्य करावें लागेल. तें एका मोठ्या कलावंताच्या निवडीचें फळ म्हणून मी स्वीकारतों. प्रत्येकानें तशीच निवड करावी असें मात्र मी म्हणणार नाहीं.

दुसरी मर्यादा शिष्यांच्या बाबतींत संभवते, आणि ती मला अधिक चिंतनीय वाटते. गुरूचा संथपणा हा भरलेल्या आसेचा परिणाम असतो. स्वरांत ऐकण्यासारखें पुष्कळ शिल्लक असतें म्हणून पुढचा स्वर लवकर येत नाहीं. शिष्यानें आस न कमावतां नुसता संथपणा उचलला तर तोहि एक बाहेरून चढविलेला दागिनाच होईल. द्रुत तानेचा पोकळपणा निदान लवकर संपतो. विलंबित आलापाचा पोकळपणा तासभर चालतो. आजकाल ध्रुपदाला जे नवे रसिक लाभत आहेत त्यांनीं, गांभीर्य आणि मंदपणा हीं एकच नव्हेत, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

तिसरी गोष्ट व्यवहाराची. अशा शिक्षणाला वर्षें लागतात आणि त्या वर्षांचा हिशेब देतां येत नाहीं. मध्यम स्थितीच्या कुटुंबानें मुलाला किंवा मुलीला दहा वर्षें एका स्वरापाशीं बसवावें, असें मी कोणत्या तोंडानें सांगूं? मी तर दोन महिनेहि धीर धरला नाहीं. सर्वांनीं बीनकार व्हावें अशी कोणाचीच अपेक्षा नाहीं. तशी गरजहि नाहीं. परंतु मुलाला गाणें, गिटार, सतार, कांहींहि शिकवितांना पहिल्या वर्षीं कागद आणि परीक्षा दूर ठेवाव्या, आणि एका छेडीचा आवाज संपेपर्यंत ऐकण्याची संवय लागूं द्यावी, एवढें तर आपल्या हातीं आहे. त्यासाठीं संस्थान लागत नाहीं कीं दरबार लागत नाहीं. आईबापांनीं शेजारच्या मुलाकडे न पाहणें मात्र लागतें, आणि तें किती कठीण आहे हें मी अनुभवानें सांगतों.

त्या संध्याकाळनंतर कांहीं दिवसांनीं मी मुलीला घेऊन त्या गोमंतकीय शिक्षकांच्या घरीं गेलों. क्षमा कशी मागावी याची जुळवाजुळव मीं वाटेंत केली होती. ती त्यांनीं बोलूंच दिली नाहीं. त्यांनीं मुलीला खुर्चीवर बसविलें, तिच्या उजव्या हाताचीं बोटें पाहिलीं आणि एक बारीक कानस तिच्या हातांत ठेविली. "बाय, नखं घासून ये," इतकेंच ते म्हणाले. मग तीन परीक्षा उत्तीर्ण झालेल्या त्या मुलीनें सर्वांत जाड तार मोकळी छेडली. ती विझेपर्यंत कोणीहि बोललें नाहीं. बाहेर रस्त्यावरून एक मोटार गेली, आणि ती गेल्यावरहि तार थोडी ऐकूं येत होती.

"आणखी एकदां," ते म्हणाले.